झाडीपट्टीचा विनोदी नट

सन २०२३ च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येस पद्मसन्मानांची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोली गावचे नट श्री. परशुराम खुणे यांचे नाव 'पद्मश्री'साठी आले होते. ते वाचून पुण्यामुंबईच्या अनेक सुशिक्षित घरांत, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही घरात, पहिला प्रश्न उमटला तो हाच की, हे गृहस्थ कोण? वर्तमानपत्रांनी त्याचे उत्तर तत्परतेने दिले. हे झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील नट. यांनी सुमारे ८०० भूमिका केल्या. यांच्या प्रयोगांची संख्या ५,००० च्या वर जाते. आणि लोक यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. एवढे वाचून आमच्या सुशिक्षित वर्गाचे समाधान झाले व त्याने पान उलटले. आमचे समाधान झाले नाही. एखाद्या गवयाविषयी त्याने किती तास गायिले एवढेच सांगावे आणि काय गायिले व कसे गायिले हे सांगू नये, तसा हा प्रकार आम्हांस वाटला.

झाडी म्हणजे अरण्य. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा, धानाच्या बांध्यांचा, जुन्या तलावांचा आणि दाट जंगलाचा जो प्रदेश भंडारा-गोंदियापासून खाली ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी येथवर पसरला आहे, त्यास तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तत्पूर्वी तो चंद्रपूरचा, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्याचाच, भाग होता. नाटकाला ही सरहद्द कधी कळलीच नाही. दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येते, मळणी होते, घरात चार पैसे खुळखुळू लागतात, गावोगाव मंडई भरते. आणि तेथपासून होळीपर्यंत या मुलखात कोठे ना कोठे नाटकाचा पडदा वर गेला नाही अशी रात्र सहसा जात नाही. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही जोडी पूर्वापार. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यती बंद केल्या व २०२१ च्या डिसेंबरात त्यांस पुन्हा मुभा दिली. मधल्या काळात पटाला खीळ बसली, पण नाटक अडले नाही. ते अडले केवळ २०२० च्या साथीत. नाटक आहे म्हणून लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, मुलगी पाहण्याचे कार्यक्रम त्याच पाहुणचारात उरकतात. आपल्याकडे नाटकास जाणे ही एका संध्याकाळची करमणूक असते. तेथे ते वर्षाच्या पंचांगात बसलेले एक कार्य आहे.

या साऱ्या धंद्याचे ठाणे वडसा, ज्याचे सरकारदरबारी नाव देसाईगंज. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावी नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. दिवाळीपूर्वी गावोगावचे कारभारी तेथे येतात, नाटक ठरवितात, विसार देतात आणि तारीख घेऊन परत जातात. पूर्वी गावातली हौशी मंडळीच तोंडाला रंग लावीत आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. त्याच्याही आधी दंडार होती, खडी गंमत होती. त्यांचे रक्त या नाटकात अजून वाहते आहे, हे पाहणाऱ्यास लगेच कळते. कारण किर्लोस्करांच्या घराण्यातून आलेली पदे गाता गाता नट मध्येच असा काही ठेका धरतो की तो किर्लोस्करांचा खास नव्हे.

मागे एका पौषात कुरखेड्याच्या बाजूस आम्ही असा एक प्रयोग अथपासून इतिपर्यंत पाहिला. जमीन खोल खणून प्रेक्षकांसाठी उतरता खड्डा केलेला, आणि त्याच मातीचा भराव घालून रंगमंच उंच केलेला. इतके सोपे आणि इतके शहाणपणाचे नाट्यगृह आम्ही दुसरे पाहिले नाही. मागे बसलेल्या म्हातारीलाही नटाचे पाय दिसत होते. रात्रीचे दहा वाजून गेल्यावर नांदी झाली. बायका लेकरांना वाकळीत गुंडाळून बसल्या होत्या. कडेला शेकोट्या होत्या. नाटक सामाजिक होते, म्हणजे त्यात एक सोशिक सून, एक दुष्ट सावकार आणि शेवटी पश्चात्ताप पावणारा एक दीर होता. सूत्रधाराहून मोठे काम प्रॉम्प्टरचे होते, कारण विंगेतून येणारा त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत होता आणि नायक त्याच्यामागे अर्ध्या वाक्याचे अंतर राखून चालला होता. पहिला अंक आम्हांस जड गेला हे कबूल केले पाहिजे. मग विनोदी नट आला. त्याने काही केले नाही. तो आला, खड्ड्यातल्या दोन हजार माणसांकडे एकदा पाहिले, आणि गावाबाहेरच्या ज्या नाल्यातून आमचीही मोटार दुपारी ढकलावी लागली होती, त्या नाल्याचे नाव घेऊन तो उशीर झाल्याची क्षमा मागू लागला. सगळा खड्डा हलला. पुढच्या खुर्चीवर गावचे कारभारी होते. त्यांच्याकडे पाहून त्याने हात जोडले, आणि मग, जणू काही झालेच नाही अशा थाटात, तो सावकाराच्या गड्याच्या भूमिकेत शिरला.

हा नट म्हणजे श्री. खुणे नव्हेत. पण ज्या कलेत श्री. खुणे यांनी आयुष्य वेचले ती कला त्या रात्री आम्हांस प्रथम नीट दिसली, आणि वर्तमानपत्रांतील ते दोन आकडे आम्ही घरी येऊन पुन्हा वाचले.

आकड्यांचा अर्थ लावावयास हवा. ५,००० प्रयोगांना ८०० भूमिकांनी भागिले असता एका भूमिकेच्या वाट्यास सरासरीने सहाच प्रयोग येतात. काही भूमिका शेकडो वेळा झाल्या असतील, काही एकदाच. सरासरी ही सरासरीच. तथापि तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बालगंधर्वांनी १९१९ साली 'एकच प्याला'तील सिंधू उभी केली आणि पुढे वर्षानुवर्षे ती घासून पुसून लखलखीत केली. त्या भूमिकेचा एकेक हुंदका ठरलेला होता. आमचे नाट्यटीकाशास्त्र याच प्रकारच्या नटावर पोसले आहे. भूमिका ही एक मूर्ती आणि नट तिचा शिल्पकार, हे आमचे गृहीत. झाडीपट्टीत ते गृहीत लागूच पडत नाही. तेथील प्रेक्षक एका हंगामात पाच गावची नाटके पाहतो, म्हणून प्रत्येक गावाला नवे नाटक हवे असते. आणि हंगाम चार महिन्यांचा. कारकीर्द अर्ध्या शतकाची धरली तर वर्षाला शंभर प्रयोग होतात, म्हणजे हिवाळ्यातली बहुतेक प्रत्येक रात्र जागून काढलेली, आणि साधारण दर आठवड्यास तोंडी नवे नाटक. यात मूर्ती घडविण्यास अवकाश कोठला? येथे नटाने घडवावयाची वस्तू भूमिका नसून तो स्वतःच असतो. आठशे नावांखाली तो एकच माणूस उभा करतो आणि त्या माणसाला आठशे प्रसंगांत टाकतो. इटलीतल्या जुन्या मुखवट्याच्या नाटकांत हेच होते, आणि चार्ली चॅप्लिनच्या भटक्यातही हेच आहे. पण चॅप्लिनविषयी आम्ही ग्रंथ वाचतो, आणि गुरनोलीच्या नटाविषयी फक्त बेरीज.

'विदर्भाचे दादा कोंडके' या बिरुदाने लोकांनी प्रेमच व्यक्त केले आहे, त्यावर रागावण्याचे कारण नाही. पण टीकाकाराने ते उचलून घेणे हा आळस होय. दादा कोंडके हे मुंबईतल्या नायगावच्या कामगारवस्तीत वाढलेले नट. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने १९६५ नंतर त्यांचे नाव झाले आणि १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून ते चित्रपटाचे झाले. त्यांची चावट कोटी सेन्सॉरच्या कात्रीखालून जाऊन एकदा फितीवर उतरली की ती सांगलीत आणि साकोलीत सारखीच. झाडीपट्टीच्या नटाची कोटी काल रात्री ज्या गावी हशा पिकवून गेली, ती आज दहा कोसांवरच्या गावी मरून पडते, कारण त्या गावचा नाला निराळा आणि कारभारीही निराळा. शिवाय बिरुदाचा रोख पाहा. पश्चिमेकडच्या कोणाशी तरी तोलल्यावाचून पूर्वेकडच्या माणसाचे वजन आम्हांस कळतच नाही. दादांना कोणी 'मुंबईचे अमुक' म्हटले नाही.

आता भाषेकडे वळू, कारण आमच्या मते सारा प्रश्न येथेच आहे. झाडीपट्टीची बोली ही वऱ्हाडीहून वेगळी. वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो, झाडीत 'डोरा'. 'ण'चा तेथे 'न' होतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि तिच्या लोकनाट्याचा जो अभ्यास केला आहे तो वाचकांनी अवश्य पाहावा. असे असता झाडीपट्टीच्या नाटकातील नायक, नायिका, खलनायक, न्यायाधीश ही सारी मंडळी बहुधा पुस्तकी मराठी बोलतात, किंबहुना पुण्याच्या पेठेतही आता कोणी बोलत नाही इतकी शुद्ध बोलतात. प्रेक्षकांची स्वतःची बोली रंगमंचावर येते ती गड्याच्या, वेड्याच्या, म्हाताऱ्याच्या, म्हणजे विनोदी नटाच्या, तोंडून. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येईल. एक असा, की या लोकांना आपली बोली हास्यास्पद वाटते आणि नाटक त्या न्यूनगंडास खतपाणी घालते. हा आक्षेप आम्ही काही विद्वानांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो सर्वथा खोटा नाही. पण त्या पौषातल्या रात्री आम्हांस दुसराही अर्थ दिसला. नायक बोलत होता तेव्हा खड्डा आदराने ऐकत होता. विनोदी नट बोलू लागला तेव्हा खड्डा त्याला उत्तरे देऊ लागला. सावकाराला जे कोणी बोलू शकत नव्हते, सुनेची बाजू जी कोणी घेऊ शकत नव्हते, ते सारे डोऱ्याला डोरा म्हणणारा तो गडी बोलला. हसू त्याच्यावर नव्हते, त्याच्याबरोबर होते. आयर्लंडच्या सिंगने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची खेडवळ बोली नायकनायिकेच्याच तोंडी दिली, तेव्हा १९०७ साली डब्लिनच्या नाट्यगृहात दंगल झाली. झाडीपट्टीने अशी दंगल अद्याप ओढवून घेतलेली नाही. तिने बोलीला मागील दाराने आत आणले आहे, आणि ते दार सांभाळण्याचे काम श्री. खुणे यांच्यासारख्या नटांनी केले आहे. बोलीला पुढल्या दाराने आणणारा नाटककार तेथे केव्हा निघतो, याची आम्ही वाट पाहत आहो.

श्री. खुणे यांच्या गाजलेल्या नाटकांत 'मरीमायचा भुत्या', 'लग्नाची बेडी' यांबरोबर 'एकच प्याला'चेही नाव घेतले जाते. गडकऱ्यांचे हे नाटक आमच्याकडे आता पुस्तकात आणि क्वचित महोत्सवात उरले. तेथे त्याची गोष्ट वेगळी आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी चळवळ करून मिळविलेली आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून आली आणि २०२१ च्या मे महिन्यात सरकारने उठविली. म्हणजे आजमितीस वैनगंगेच्या एका तीरास ब्रह्मपुरीत दुकान उघडे, आणि दुसऱ्या तीरास वडशात बंद. नाटक मंडळी मात्र दोन्ही तीरांवर खेळ करते. तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ ज्या प्रेक्षकांपुढे भरते, त्यांच्यात बंदीसाठी मोर्चात चाललेल्या बायका असतात आणि संध्याकाळी नदी ओलांडून आलेले त्यांचे यजमानही असतात. तळीरामाने हशा पिकवावयाचा, पण तो हशा कोणत्या बाजूस झुकवावयाचा, हे नटाच्या हातात असते. एका भुवईचे ते काम. आमच्या महाविद्यालयांत तळीरामाच्या विनोदाने नाटकाच्या शोकरसाची हानी होते की काय यावर पिढ्यान्पिढ्या निबंध लिहिले गेले. तो प्रश्न आरमोरीच्या एखाद्या खड्ड्यात रात्री दोन वाजता सोडविला जात असेल, हे आमच्या कधी ध्यानात आले नाही.

फिरत्या कलावंताचा आणखी एक पैलू सांगावासा वाटतो. आयर्लंडातच गेल्या शतकाच्या मध्यास 'शोबँड' म्हणून गाणाऱ्यानाचणाऱ्या मंडळ्या होत्या. सहासात जण एका गाडीत बसत, खेड्याखेड्यांतील सभागृहांत लोकप्रिय गाणी गात आणि पहाटे परतत. शहरी जाणकारांनी त्यांना उसनी गाणी गाणारे म्हणून हिणविले. पण पुढे जगभर नाव काढणारे व्हॅन मॉरिसन आणि रोरी गॅलघर हे गायक कोवळ्या वयात याच गाड्यांतून हिंडले होते. ३१ जुलै १९७५ च्या रात्री 'मायामी शोबँड' ही त्यांतली अग्रगण्य मंडळी उत्तर आयर्लंडातील बॅनब्रिजचा कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतत असता, लष्करी गणवेश घातलेल्या सशस्त्र टोळीने वाटेत तिची गाडी अडविली. गाडीत ठेवण्यासाठी आणलेला बाँब हातातच फुटला, गोळीबार झाला आणि मुख्य गायक फ्रॅन ओ'टूल याच्यासह तिघे कलावंत मारले गेले. गडचिरोलीच्या अरण्यात १९८० नंतर नक्षलवादी आले, त्यांच्यामागे पोलीस आले, आणि रात्रीचा रस्ता हा दोघांच्या मधला झाला. त्याच रस्त्यांवरून नाटकाच्या गाड्या पडदे, पेट्या आणि झोपलेल्या नट्या घेऊन पहाटे जात राहिल्या. सरकारने श्री. खुणे यांचा गौरव करताना वाट चुकलेल्या तरुणांना माघारी आणण्याच्या त्यांच्या कार्याचाही उल्लेख केला. ते कार्य मोठेच आहे. पण आम्हांस वाटते, ज्या मुलखात रात्री घराबाहेर पडणे हीच भीतीची गोष्ट झाली होती, तेथे हजारो माणसांना रात्रभर उघड्यावर एकत्र बसवून हसविणे, हेही त्या मुलखाचे काही लहान काम नव्हे. आणि ते एकट्याचे नसून साऱ्या मंडळ्यांचे आहे.

दोष सांगितले नाहीत तर ही टीका नव्हे, स्तुतिपाठ होईल. कथानके साचेबंद आहेत. नाटकांची नावे ऐकून हसू येते, ते नाटककाराच्या इच्छेविरुद्ध. तालीम अपुरी असते. अलीकडे प्रवेशाप्रवेशांच्या मध्ये लावणीच्या नावाखाली जे नाच घुसविले जातात त्यांचा नाटकाशी काडीचाही संबंध नसतो, आणि ऑक्टोपॅडच्या दणक्यात ऑर्गनवरचे पद गुदमरते. विनोदही पुष्कळदा कमरेखाली उतरतो. आमच्या पाहण्यातल्या त्या नटानेही तिसऱ्या अंकात एक जागा अशी घेतली की शेजारच्या खुर्चीवरील मास्तरीणबाईंनी पदर तोंडास लावला. हसू लपविण्यासाठी की लाज लपविण्यासाठी, हे आम्हांस कळले नाही. गावाला जे हवे ते आम्ही देतो, असे मंडळ्यांचे म्हणणे. गावाला काय हवे हे विसार देणाऱ्या चारपाच तरुणांनी ठरवावे आणि वाकळीत बसलेल्या बायकांना कोणी विचारू नये, हा न्याय आम्हांस पटत नाही.

पण या सर्वांहून मोठे वैगुण्य आमचे, म्हणजे लिहिणाऱ्यांचे आहे. बालगंधर्वांचा आवाज तबकड्यांवर राहिला, गणपतराव जोशांच्या हॅम्लेटविषयी ज्यांनी तो पाहिला त्यांनी लिहून ठेवले. त्या लेखनात अतिशयोक्ती असेल, तरी आज त्यावरून एक नट डोळ्यांपुढे उभा राहतो. श्री. खुणे यांच्या ऐन उमेदीतल्या एखाद्या रात्रीचे, एखाद्या तरी प्रवेशाचे, नीट वर्णन आमच्या वाचनात आलेले नाही. त्यांना पाहिलेली माणसे हजारोंनी आहेत, त्यांतील पुष्कळ आता वृद्ध आहेत, आणि ती झाडी बोलीत सांगतात. कुरखेड्यास, वडशास, ब्रह्मपुरीस महाविद्यालये आहेत, त्यांत मराठीचे अध्यापक आहेत. एका हिवाळ्याचे हे काम आहे.

त्या पौषातल्या रात्रीचे नाटक पहाटे साडेचारास संपले. पडदे गुंडाळले जात असता आम्ही विंगेत गेलो आणि प्रॉम्प्टरकडे त्याची वही पाहावयास मागितली. ती नाटकाची हस्तलिखित नक्कल होती. कडा मळलेल्या, मध्येच चहाचा डाग. नायकाची भाषणे ओळीच्या ओळी लिहिलेली होती, पदे तांबड्या शाईने. विनोदी नटाच्या पहिल्या प्रवेशाची जागा आम्ही शोधून काढली. तेथे निम्मे पान कोरे होते आणि वर एका कोपऱ्यात दोनच शब्द लिहिले होते : 'येथे विनोद.' प्रॉम्प्टरने वही परत मागून घेतली, गाडीवाला भोंगा वाजवीत होता. त्यांचा पुढचा मुक्काम नदीपलीकडे होता.